आठ वेळा हव

कलावती कुणाच्या शब्दावर तांदूळ मोजत नसे. सकाळची प्रार्थना संपली की ती पदराला हात पुसत व्हरांड्यात येई, सहावी, सातवी आणि आठवी अशा तिन्ही वर्गांच्या दारांत उभी राहून डोकी मोजी, आणि मगच मापाचा डबा पोत्यात घाली. बडे सर, म्हणजे मुख्याध्यापक, कधी खुर्चीतूनच म्हणत, "आज पैंसठ पकड़ लो, कलावती," तर ती मान हलवी आणि तरीही मोजायला जाई. परसाभाठाच्या शाळेत ती सहा वर्षं रांधत होती. भात कधीमधी उरला असेल. कमी मात्र एकदाही पडला नव्हता.

त्या शनिवारी पोरं जेवून घरी गेली होती. कलावती स्वयंपाकाच्या खोलीत राखेनं भाताचं मोठं पातेलं, गंज, घासत होती. जाळीच्या खिडकीपलीकडे करंजाच्या झाडाखाली निळी सतरंजी अंथरलेली होती. तिच्यावर आठवीतल्या आठ मुली आणि त्यांची निवेदिता दीदी बसली होती. एका संस्थेने या भागातल्या बारा शाळांत असे गट केले होते. आठ मुली, एक दीदी, दर शनिवारी दीड तास. परसाभाठात आठवीच्या पुढे शाळा नव्हती. नववीला पाच किलोमीटरवर जावं लागे आणि दरवर्षी निम्म्या मुली तिथपर्यंत पोचतच नसत. त्या पोचाव्यात म्हणून हा गट.

"तो अगले शनिवार सब आओगी न?" निवेदितानं विचारलं. "एक-एक करके बताओ."

"हव, दीदी," टिकेश्वरी म्हणाली.

"हव," ओमिन म्हणाली.

मग एकीमागून एक, हव, हव, हव. आठवं हव कलावतीच्या लेकीचं, रूपालीचं होतं, हळू, पण स्पष्ट.

निवेदिताचा चेहरा फुलला. तिनं वहीत आठ खुणा केल्या.

कलावतीचा हात गंजाच्या काठावर थांबला. सकाळीच हातपंपावर टिकेश्वरीची आई म्हणाली होती, सोमवारपासून कापणी. तिच्या स्वतःच्या घरचीही सोमवारीच होती. सगळ्या गावाचं धान एकदमच पिवळं झालं होतं. येत्या शनिवारी या सतरंजीवर कोण बसणार, हे गंज घासणाऱ्या बाईला दिसत होतं. खिडकीतून सांगावं असं तिला वाटलं. पण एवढी शिकलेली पोरगी, एवढी खूश होऊन लिहितेय. कलावतीनं गंजात पाणी ओतलं आणि तो खळखळून धुतला.

निवेदिता पुण्याकडची. रसायनशास्त्र शिकून जूनमध्ये रायपूरला आली होती आणि बूढ़ापाऱ्यात तलावाजवळ खोली घेऊन राहत होती. दर शनिवारी स्कूटीवरून तेलीबांध्याला वळसा घालून, नव्या राजधानीच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवर मधोमध बसलेल्या गाई चुकवत ती यायची. पहिल्याच दिवशी कलावती रूपालीवर ओरडली होती, "ओ पोट्टी, काहून पाणी सांडून राहिली?" तेव्हा ही दीदी गर्रकन वळली होती आणि म्हणाली होती, "अहो, तुम्ही मराठी?"

मराठीच. कलावती गोंदियाची. सासऱ्यांचे आजोबा केव्हा तरी इकडे आले आणि इकडलेच झाले. घरात मराठी, बाहेर छत्तीसगढी, पुस्तकात हिंदी. या तिघींच्या मधे रूपालीची जीभ अडकून बसली होती. घरी आई मराठीत बोले, ती हिंदीत उत्तर देई. शाळेत तिची छत्तीसगढी ऐकून पोरी हसत आणि मराठिन म्हणत. सहावी आणि सातवी अशी दोन वर्षं ती वर्गात काही बोललीच नाही. सरांनी उभं केलं की ती दारातून स्वयंपाकाच्या खोलीकडे बघे.

मग सप्टेंबरात एका शनिवारी करंजाखाली काठी रोवून सावली मोजणं चाललं होतं. कलावती आत भांडी लावत होती आणि तिला ऐकू आलं, "दीदी, मेरा वाला अलग आया है."

आवाज ओळखीचा होता, पण या आवारात तो तिनं कधी ऐकला नव्हता. बाकी पोरी हसल्या. दीदी म्हणाली, वेगळं आलं ना, मग परत मोजू. परत मोजलं. रूपालीचं बरोबर निघालं. इतर सात जणींनी टेप उलट्या बाजूनं धरला होता. कलावती हातातला डाव तसाच धरून उभी राहिली होती, किती वेळ कोण जाणे. तेव्हापासून शनिवारी ती भांडी सावकाश घासू लागली होती.

*

कापणीच्या दिवसांत कलावती तांबडं फुटताना शेतावर जाई, आठला शाळेत, दुपारी परत शेतावर. तिच्या नवऱ्याच्या, देवीदासच्या वाट्याला आता पाच बांध्या, म्हणजे धानाची पाच लहान शेतं, उरली होती. बाकीच्यांवरून नव्या राजधानीचा रस्ता गेला होता. कापता कापता मान वर केली की त्या रस्त्याचे दिव्याचे खांब दिसत, ओळीनं, कुणीच जात नसलेल्या रस्त्यावर.

सकाळी धानावर एवढं दंव असे की कोपरापर्यंत हात भिजत. विळा ओल्या काडीवर घसरे. रूपालीनं पहिल्याच दिवशी करंगळी कापून घेतली आणि ओढणीची चिंधी बांधून पुन्हा वाकली. चार मुठी झाल्या की एक कडपा. कडपे ओळीनं मागे पडत जात. सासू अंजनाबाई वाकू शकत नसे. ती खाली बसून, सरकत सरकत कापे आणि तरी देवीदासच्या मागे पडत नसे.

"कंबर मोडली का वं?" तिनं नातीला विचारलं.

"नहीं, आजी."

"मंग उभी काहून?"

रूपाली रस्त्याकडे बघत होती. तिनं आईजवळ सरकून हळूच विचारलं, "माय, शनिवार को जाऊँ?"

देवीदासनं ऐकलं. विळ्याच्या टोकानं त्यानं वर दाखवलं. "आभाळ पाह्यलं काय? कडपे भिजले तर मागच्या सालवानीच होते. पुन्हा म्हणतीन, धान ओलं हाय, घेऊन जा."

मागच्या वर्षी धान विकत घेणाऱ्या सोसायटीनं त्याचं धान परत केलं होतं. ओल मोजणाऱ्या यंत्राचा आकडा सतराच्या वर गेला, आणि माणसानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला. देवीदास आख्खी दुपार सोसायटीच्या रस्त्यावर पोती पसरून बसला होता, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण मूठभर दाणे उचलून बघून जात होता.

"हव," रूपाली म्हणाली आणि वाकली.

*

शनिवारी कलावतीनं एकतीस डोकी मोजली. एरवी अडुसष्ट असत. भात लवकर आटोपला.

साडेअकराला शाळा सुटली. निवेदितानं सतरंजी अंथरली, आठ वह्या मांडल्या आणि बसून राहिली. वाऱ्यानं वह्यांची पानं उडू लागली, तेव्हा तिनं प्रत्येकीवर एक एक खडा ठेवला. कलावतीला आतून ते बघवेना. ती गुळाचा चहा घेऊन बाहेर गेली.

"कलावतीताई, आज कुणीच नाही?"

"कापणी हाय ना, दीदी."

"पण सगळ्या हवं म्हणाल्या होत्या! मी मुद्दाम एकेकीला विचारलं. आठही जणींना हवं होतं."

कलावती बघतच राहिली. "काय म्हणाल्या?"

"हवं."

"दीदी," कलावती सतरंजीच्या कडेला बसली. तिला हसू फुटत होतं आणि ते दाबताही येत नव्हतं. "ते हवं नोहे. ते हव हाय. हव."

"म्हणजे?"

"म्हंजे हो."

"मला वाटलं, आपलाच शब्द इकडे आलाय." निवेदिताचे कान लाल झाले. "जूनपासून मी... बरं, पण मग हो म्हणूनसुद्धा आल्या नाहीत?"

"हो म्हंजे तुमचं ऐकलं. तुम्ही रायपूरहून पेट्रोल जाळून येता, तुमाले नाही कसं म्हणतीन पोट्ट्या? म्हणून हव. मंग घरी माय म्हणते, चाल शेतात. तिलेबी हव. ज्याच्यासंगं गेली, ते हव खरं."

निवेदितानं वही उघडून त्या आठ खुणा बघितल्या. "आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात," ती म्हणाली. "बाटलीवर चिठ्ठी काहीही असो, आत काय आहे ते आधी तपासून बघायचं. मी चिठ्ठीवरच विश्वास ठेवला." आणि ती हसली. मग कलावतीही मोकळेपणानं हसली.

"आमच्या घरी हवं कोणी म्हणतच नाही," कलावती म्हणाली. "आम्ही पाह्यजे म्हणतो."

निवेदितानं चहा संपवला. पेला खाली ठेवून तिनं सांगितलं. संस्थेचा नियम होता. लागोपाठ दोन शनिवार सहापेक्षा कमी मुली आल्या तर गट बंद करायचा, आणि दीदीला दुसऱ्या शाळेत पाठवायचं. यादीत बऱ्याच शाळा थांबलेल्या होत्या. आज एक शनिवार गेला. पुढच्या शनिवारी संस्थेचे विहंग सर स्वतः बघायला येणार होते.

"म्हंजे पुढचा एकच उरला," कलावती म्हणाली.

"एकच."

कलावतीनं पेले उचलले, पण ती उठली नाही. "दीदी, मले त्या दिवशीच ठाऊक होतं. मी भांडे घासून राहिली होती. सगळं ऐकलं म्या."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतक्या खूश होत्या," कलावती म्हणाली. एवढंच उत्तर तिच्याजवळ होतं, आणि तेही तिला आता पुरेसं वाटत नव्हतं.

*

सांजच्याला चुलीजवळ तिनं विषय काढला. मळणीचा थ्रेशर भैय्यालालचा. तो गावात बियाऱ्या-बियाऱ्यांतून फिरे. देवीदासच्या बियाऱ्यात, म्हणजे घरामागच्या सारवलेल्या खळ्यात, त्याचा दिवस शनिवारचा लागला होता. सोसायटीत धान विकायचं टोकन सोमवारचं होतं.

"मंग झालंच," अंजनाबाई म्हणाली. "पोट्टी इथीच पाह्यजे."

"इथीच राहीन ती. दीदीलेच इथी बोलावतो."

"बियाऱ्यात?" देवीदासनं भाकरीचा घास थांबवला. "भुसा उडून राहीन, मशीन चालू राहीन, अन् तिथी शाळा?"

"पोट्ट्या भारे वाहतीन का वह्या लिहितीन?" अंजनाबाई म्हणाली. "अन् त्या दीदीच्या पायाले तणीस टोचन."

रूपाली काही न बोलता ताटातल्या भातात बोट फिरवत होती. कलावतीनं ते बघितलं. सप्टेंबराच्या आधी ही पोरगी अशीच बसायची.

तिनं देवीदासचा फोन घेतला, अंगणात गेली आणि निवेदिताला लावला. बियारा म्हणजे काय ते सांगितलं, मळणीचं सांगितलं, मागच्या वर्षी धान परत आलं तेही सांगितलं.

"धान ओलं आहे की कोरडं, हे मिठानं कळतं," निवेदिता पलीकडून म्हणाली. "काचेच्या बाटलीत दाणे आणि थोडं मीठ घालून हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओल आहे. मुलींना करायला छान आहे ते. पण गट शाळेतच बसायला हवा असं पत्रकात लिहिलंय, ताई. विहंग सर काय म्हणतील माहीत नाही. बघते."

"बघते म्हंजे?"

"बघते म्हणजे... बघते."

"दीदी, तुमच्या पुण्याचं हव असंच असते काय?"

पलीकडे निवेदिता एवढ्यानं हसली की कलावतीला फोन कानापासून दूर धरावा लागला. "येते," ती म्हणाली. "नक्की येते. मला यायचंय. पाह्यजे."

कलावती आत आली. "येते म्हणते. धान ओलं का कोरडं ते सोमवारच्या आधी सांगन म्हणते. मिठानं."

"मिठानं?" अंजनाबाईनं विचारलं. "माह्या दातानं कळते ते."

देवीदास बोटं चाटत विचार करत होता. "येऊ दे," तो म्हणाला.

*

शनिवारी आभाळ तसंच राखेच्या रंगाचं होतं, पण पाऊस नव्हता. सकाळपासून थ्रेशर धडधडत होता. भैय्यालाल तोंडाला गमछा बांधून भारे आत सारत होता. एका बाजूनं दाणे, दुसऱ्या बाजूनं तणीस. बियाऱ्यात धानाच्या चार राशी पडल्या होत्या, एकेका बांधीची वेगळी. पाचव्या बांधीचे भारे अजून मळायचे होते. कलावती शाळेचं काम रांधणाऱ्या जोडीदारणीवर सोपवून अकराला घरी आली, तेव्हा देवीदासच्या पापण्यांचे केससुद्धा भुशानं पिवळे झाले होते.

निवेदिता आली ती पिशवीत बाटल्या खणखणवत. मुलीही आल्या, कुणी आपापल्या बियाऱ्यातून तासाभराची सुटी काढून, कुणी भारा टाकून परत जाताना. ओमिनच्या केसांत काड्या होत्या. कलावतीनं मोजलं. रूपालीला धरून पाच.

"टिकेश्वरी?" निवेदितानं विचारलं.

"नहर पार, खेत में," ओमिन म्हणाली. "उसका उधर वाला खेत आज ही कट रहा है."

बाकी दोघींपैकी एक मामाच्या गावी गेली होती, दुसरीला ताप होता. पाच म्हणजे पाच.

"सर एक वाजायच्या आत येतील," निवेदिता हळूच म्हणाली. "आपण सुरू तरी करू."

तिनं चार बाटल्या मांडल्या, चार राशींच्या. मुलींनी दाणे भरले. अंजनाबाईनं चुलीजवळच्या मडक्यातून वाटीभर मीठ आणून दिलं. मीठ घातलं, झाकणं लावली, बाटल्या हलवल्या आणि ओट्यावर ओळीनं ठेवल्या. दहा मिनिटं थांबायचं होतं. देवीदास काम सोडून आला आणि उकिडवा बसला.

चारही बाटल्यांच्या काचेला मीठ चिकटलेलं होतं.

देवीदासनं एक बाटली उचलली, उजेडाकडे धरली, परत ठेवली. "सगळंच ओलं," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

"काही ओलं नाही!" अंजनाबाईनं पहिल्या राशीतले दोन दाणे तोंडात टाकले. थ्रेशरच्या धडधडीतही जवळ बसलेल्या सगळ्यांना कट् असा आवाज ऐकू आला. "ऐकलं? चार दिवस शेतात वाळत होतं हे. बाटली खोटी हाय."

"बाटली खोटी कशी असेल, आजी?" निवेदिता गोंधळून म्हणाली. तिनं एकेक बाटली फिरवून पाहिली. "काही तरी राहून गेलंय. काय राहिलं?"

कलावती मिठाच्या वाटीकडे बघत होती. तिनं चिमूट उचलली आणि बोटं मोकळी केली. मीठ खाली पडलं नाही. बोटांनाच बसून राहिलं.

"मीठच ओलं हाय," ती म्हणाली. "हिवाळ्यात शाळेतबी असंच होते. डब्यातून निघतच नाही. मी तव्यावर भाजून घेतो, मंग वरणात टाकतो."

निवेदितानं कपाळावर हात मारला. "एका बाटलीत नुसतं मीठ घालून आधी बघायला हवं होतं! ताई, हे मला सुचायला हवं होतं."

"हव," अंजनाबाई म्हणाली, आणि पोरी खिदळल्या.

कलावतीनं तवा चुलीवर ठेवला. मीठ आधी गोळा होऊन बसलं, मग तडतडलं आणि मग वाळूसारखं सुटं होऊन तव्यावर घसरू लागलं. ते ताटात निवेपर्यंत मुलींनी बाटल्या पुसून आगीजवळ वाळवल्या. पुन्हा दाणे, पुन्हा मीठ, आणि पाचव्या बाटलीत नुसतं मीठ. पुन्हा दहा मिनिटं. भैय्यालालही मशीन तसंच सुरू ठेवून येऊन उभा राहिला.

पाचवी बाटली स्वच्छ. पहिली स्वच्छ. दुसरीही, तिसरीही. चौथीच्या काचेला मात्र धुक्यासारखं पांढरं बसलं होतं.

रूपालीनं चौथी बाटली उचलून बापासमोर धरली. "बाबा, हे खालच्या बांधीचं हाय," ती म्हणाली. "नहराजवळचं. हे वाळलं नाही. बाकी तिन्ही नेता येते. याले आज अन् उद्या पसरा लागन."

देवीदास बाटलीकडे बघायच्या ऐवजी पोरीकडे बघत होता. घरात ती मराठीत उत्तर द्यायची नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. "पसरतो," तो म्हणाला. मग आईकडे वळला. "माय, दात लाव बरं याले."

अंजनाबाईनं चौथ्या राशीतला दाणा चावला. आवाज आला नाही. तिनं तो थुंकला आणि म्हणाली, "हे तर मीबी सांगितलंच असतं."

*

विहंग सर मोटारसायकलवरून उतरले तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. रायपूरचे, घरी मराठी, बोलायचे हिंदी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. त्यांनी बियारा पाहिला, बाटल्या पाहिल्या, आणि ओमिनला विचारलं हे काय आहे. ओमिननं रूपालीकडे बोट दाखवलं. रूपालीनं हिंदीत सगळं सांगितलं, पहिल्यांदा कसं चुकलं, मीठ का भाजलं, पाचवी बाटली कशासाठी. मधे एकदा अडखळली, श्वास घेतला आणि पुढे गेली.

"बहुत अच्छा," विहंग सर मनापासून म्हणाले. मग त्यांनी डोकी मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला. "पाँच हैं, निवेदिता."

"सर, सहावी मुलगी तिकडे शेतात आहे. कालव्यापलीकडे."

"फोटो में छह चेहरे चाहिए. एक बजे तक भेजना है. नियम मैंने नहीं बनाया." त्यांनी घड्याळ बघितलं. "मैं भी चाहता हूँ कि ग्रुप चले. पर..."

कलावती कालव्याकडे बघू लागली. पलीकडे शेतात पाच-सहा माणसं वाकलेली दिसत होती. चालत जाऊन यायला वीस मिनिटं लागली असती. हाक मारावी, तर थ्रेशरच्या धडधडीत ती बियाऱ्याबाहेरही पोचली नसती.

रूपाली भैय्यालालजवळ गेली. "कका, मशीन ला बंद कर तो."

"काबर?" भैय्यालालनं विचारलं.

"बंद कर ना, कका!"

त्यानं मशीन बंद केलं. एकदम एवढी शांतता झाली की कानांना विचित्र वाटलं. रूपाली तणसाच्या ढिगावर चढली. गुडघ्यापर्यंत पाय आत रुतले, ते उपसत ती वर गेली. दोन्ही हात तोंडाशी धरले.

"टिकेश्वरीऽऽ!"

पोरीचा आवाज बियाऱ्यावरून, बाभळींवरून, कालव्यावरून गेला. पलीकडे एक आकृती सरळ झाली.

"टिकेश्वरीऽऽ! आ ना ओऽऽ! दीदी आए हेऽऽ!"

मग वाऱ्यावर बारीक पण स्पष्ट उत्तर आलं.

"हवऽऽ!"

निवेदितानं कलावतीकडे पाहिलं. कलावतीनं निवेदिताकडे. विहंग सरांना काही कळलं नाही. "चलो, आ रही है," ते म्हणाले.

"थांबा, सर," निवेदिता म्हणाली. "अजून कळायचंय."

सगळे बघत राहिले. पलीकडची आकृती उभीच होती. मग तिच्याजवळ दुसरी, मोठी आकृती आली, बाप असणार. दोघं काही बोलत होती. मोठ्या आकृतीनं हातानं शेताकडे दाखवलं, मग आभाळाकडे. छोटी आकृती पुन्हा वाकली.

रूपाली ढिगावरच उभी होती. ती खाली उतरली नाही. तिनं पुन्हा हाक मारली नाही. कलावतीनं नकळत पदराचं टोक मुठीत धरलं.

छोटी आकृती सरळ झाली. ती वाकली होती ती भारा उचलायला. भारा डोक्यावर चढला, आणि बांधावरून हलत हलत कालव्याकडे निघाला. पुलाजवळ आल्यावर टिकेश्वरीनं भारा खाली टाकला आणि पळत सुटली, कमरेला खोचलेल्या विळ्यासकट.

"हंसिया तो रख देती, बाई!" ती पोचली तेव्हा ओमिन ओरडली.

"बाबू बोलिस, एक बोझा पुल तक पहुँचा दे, फेर जा," टिकेश्वरी धापा टाकत म्हणाली. विळ्यासकट तिचा फोटो निघाला. सहा चेहरे, पाच बाटल्या, मागे तणसाचा ढीग, आणि कडेला अंजनाबाईचा अर्धा चेहरा, कारण ती बाजूला व्हायला तयार नव्हती.

विहंग सर टॅबलेटवर बोट फिरवत थबकले. "जगह में क्या लिखूँ? यहाँ स्कूल, पंचायत भवन, आँगनवाड़ी है. बियारा नहीं है."

"खाली 'अन्य' आहे का बघा," निवेदिता म्हणाली.

विहंग सरांनी बोटानं पान वर सारलं. "अन्य है." त्यांनी ते दाबलं, एक वाजायला दोन मिनिटं असताना माहिती पाठवली, आणि मग टॅबलेट पिशवीत घालून भैय्यालालशेजारी चहा प्यायला बसले.

मशीन पुन्हा सुरू झालं. देवीदास चौथी रास पायांनी पसरत होता. पायाच्या चवड्यांनी धानात ओळी ओढत तो या टोकाहून त्या टोकाला जात होता, आणि रूपाली मागून तशाच ओळी ओढत होती. निवेदितानं स्कूटीवरचा भुसा झटकला, हेल्मेट घातलं. तिच्या पायाला खरंच तणीस टोचलं होतं, आणि ती एका पायावर उभी राहून ते काढत होती.

"पुढल्या शनवारी येसान, दीदी?" कलावतीनं विचारलं.

"हव," निवेदिता म्हणाली.

स्कूटी पांदणीतून गेली, रुंद रस्त्याला लागली आणि खांबांच्या ओळीत लहान होत गेली. कलावती आत आली. ताटात उरलेलं भाजलेलं मीठ तिनं कोरड्या बरणीत भरलं, झाकण घट्ट फिरवलं आणि बरणी चुलीवरच्या फळीवर ठेवली.

अंजनाबाई ओट्यावर बाटल्या विसळायला बसली होती. "कलावते," तिनं विचारलं, "पुढच्या बारीले किती लागतीन वं ह्या?"

"आठ," कलावती म्हणाली.